नाव बदलते, फांदी राहते : काळ्या हॉथॉर्नच्या वाळलेल्या नमुन्यांचा इतिहास

१/
सुमारे ४२ सेंटिमीटर लांब आणि २९ सेंटिमीटर रुंद असा जाड पांढरा कागद. त्यावर दाबून सपाट केलेली एक काटेरी फांदी. खाली उजव्या कोपऱ्यात ती तोडणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि तारीख. त्याच्या आसपास निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हातांनी डकवलेल्या लहान चिठ्ठ्या. आणि प्रत्येक चिठ्ठीवर त्याच फांदीचे वेगळे नाव. हॉथॉर्नच्या नमुन्यांबाबत हे दृश्य नित्याचे आहे. हा थ्रेड त्या चिठ्ठ्यांविषयी, आणि त्या जपणे का आवश्यक आहे याविषयी.

२/
प्रथम झाडाची ओळख. हॉथॉर्न हे गुलाबाच्या कुळातील काटेरी झुडूप किंवा लहान वृक्ष. सफरचंद आणि नाशपाती हे त्याचे जवळचे नातलग. वसंतात पांढऱ्या फुलांचे गुच्छ, शरदात लहान गोलसर फळे, आणि फांद्यांवर टणक काटे. त्याच्या वंशाचे शास्त्रीय नाव क्रॅटेगस. उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण पट्ट्यात तो सर्वत्र आढळतो. भारतात काश्मीर आणि हिमालयाच्या परिसरात. महाराष्ट्राच्या रानात मात्र तो उगवत नाही. त्याच्या कागदांची गोष्ट मात्र इतिहासाच्या मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही.

३/
वाळवलेल्या वनस्पतींचा असा संग्रह म्हणजे हर्बेरियम. झाडे दाबून, वाळवून कागदावर जतन करण्याची प्रथा सोळाव्या शतकात इटलीत रुजली. आज जगभरात सुमारे साडेतीन हजार हर्बेरिया असून त्यांत जवळपास ४० कोटी नमुने आहेत. त्यातला प्रत्येक नमुना एक साधी साक्ष देतो : अमुक दिवशी, अमुक जागी, अमुक झाड उभे होते. इतिहासकाराच्या भाषेत सांगायचे तर हे अस्सल कागद होत. त्यांवरून रचलेली पुस्तके ही बखरींसारखी. ती बदलतात, वाढतात, कधी रद्दही होतात.

४/
गोष्टीची सुरुवात कोलंबिया नदीच्या मुखाशी. १८२५ च्या एप्रिल महिन्यात डेव्हिड डग्लस नावाचा स्कॉटिश तरुण तेथे जहाजातून उतरला. वय पंचवीस. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर झाडे, बिया आणि वाळलेले नमुने गोळा करण्यासाठी धाडले होते. हडसन्स बे कंपनीच्या फोर्ट व्हँकूव्हर या ठाण्याच्या आधाराने तो दोन वर्षे त्या मुलुखात हिंडला. १८३४ साली हवाई बेटावर, रानटी गुरे पकडण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून त्याचा अंत झाला. तेव्हा त्याचे वय अवघे ३५ होते.

५/
त्या प्रदेशातील एका हॉथॉर्नची फळे लाल नसून पिकल्यावर काळी होतात. लंडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी १८३० च्या दशकात त्या जातीस डग्लसचे नाव दिले : क्रॅटेगस डग्लसी. सामान्य व्यवहारात तो ‘काळा हॉथॉर्न’. ओरेगन, वॉशिंग्टन, आयडाहो, मोंटाना आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया हे त्याचे मुख्य क्षेत्र. विशेष म्हणजे तेथून पूर्वेस फार दूर, सुपीरिअर सरोवराच्या परिसरातही तो तुटकपणे आढळतो. मधल्या विस्तीर्ण मैदानांत त्याचा मागमूस नाही. हे अंतर नकाशावर आखता आले ते नमुन्यांवरील ठिकाणांच्या नोंदींमुळेच.

६/
येथे या दफ्तरातील एक उणीवही सांगितली पाहिजे. वायव्येकडील मूळनिवासी समाज हे झाड पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते. ते त्याची फळे खात. त्याच्या काट्यांचा सुईसारखा आणि गळासारखा उपयोग करत. त्यांच्या भाषांत त्याला नावे होती. पण नमुन्यावरील चिठ्ठीत ती नावे क्वचितच उतरली. वाट दाखवणाऱ्याचे नाव तर त्याहून क्वचित. अस्सल कागद खरे बोलतो, परंतु सगळे बोलत नाही. ज्याच्या हाती लेखणी तो काय गाळतो, हा प्रश्न राजांच्या दफ्तराला जसा विचारावा लागतो तसाच फुलांच्या दफ्तरालाही.

७/
आता या कथेतील सर्वांत वादग्रस्त व्यक्ती. चार्ल्स स्प्रेग सार्जंट, जन्म १८४१, मृत्यू १९२७. बॉस्टनमधील आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानाचे पहिले संचालक. १८७३ पासून मृत्यूपर्यंत ते त्या पदावर होते. उत्तर अमेरिकेतील वृक्षांवरचा त्यांचा चौदा खंडांचा ग्रंथ १८९१ ते १९०२ या काळात प्रसिद्ध झाला. त्याचे आरंभीचे खंड निघाले तेव्हा त्या खंडातील हॉथॉर्नच्या जाती मोजक्याच मानल्या जात. शतक संपत आले आणि सार्जंट यांची दृष्टी बदलली. पाहावे तिकडे त्यांना नवी जाती दिसू लागली.

८/
पुढच्या पाव शतकात नावांचा पूर आला. एकट्या सार्जंट यांनी हॉथॉर्नच्या ७०० हून अधिक जाती नव्याने वर्णिल्या. उत्तर कॅरोलिनातील बिल्टमोर येथून चॉन्सी बीडल आणि त्याच काळात विल्यम विलर्ड अ‍ॅश यांनी आणखी भर घातली. तिघांची मिळून नावे हजारावर गेली. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या एका शहराच्या परिसरातील हॉथॉर्नवर सार्जंट यांनी १९०३ साली स्वतंत्र निबंध लिहिला. एका वंशाची, एका खंडातील, हजार नावे! आज अभ्यासक त्यांपैकी शे-दोनशेच्या दरम्यानच जाती मान्य करतात.

९/
मग सार्जंट चुकले कोठे? निसर्गाने त्यांना खरोखरच चकवले होते. त्यांनी बिया पेरून पाहिल्या, आर्बोरेटममध्ये रोपे वाढवली. रोपे मातृवृक्षासारखीच निघाली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हा वेगळ्या जातीचा चांगला पुरावा होता. परंतु अनेक हॉथॉर्नमध्ये बीजातील भ्रूण फलनाविनाच, केवळ मातेच्या पेशींतून तयार होतो. अशी रोपे आईची हुबेहूब प्रत असणारच. शेजारच्या टेकडीवरची दुसरी प्रत किंचित निराळी, आणि तीही आपल्या जागी तितकीच स्थिर. एकेका झाडाचे घराणे स्वतंत्र जातीसारखे भासू लागले.

१०/
त्यात संकराची भर. दोन जाती जवळ आल्या की मधली रूपे उपजतात. ती फलनाविना बी धरू लागली की टिकून राहतात. शेतीसाठी जंगले तोडली गेली, कुरणे पसरली, आणि उघड्या उन्हात वाढणाऱ्या हॉथॉर्नला मोकळे रान मिळाले. गुणसूत्रांचे गणित १९२४ मध्ये उलगडू लागले : या वंशात दोन संचांच्या झाडांबरोबर तीन आणि चार संचांची झाडेही आहेत. फलनाविना बीजनिर्मितीचा पेशीपातळीवरील पुरावा एम. मुनियम्मा आणि जेम्स फिप्स यांनी १९७९ साली प्रसिद्ध केला. तोवर सार्जंट यांना जाऊन अर्धशतक लोटले होते.

११/
सार्जंट यांच्या पश्चात आवराआवर सुरू झाली. अर्नेस्ट जेसी पामर यांनी १९३२ मध्ये हॉथॉर्नच्या या गुंत्यावर लेख लिहिला. त्या लेखाच्या मथळ्यातच ‘समस्या’ हा शब्द होता. हे पामर आर्बोरेटमसाठीच वर्षानुवर्षे नमुने गोळा करत आलेले गृहस्थ. पुढच्या अभ्यासकांनी शेकडो नावे एकमेकांत विलीन केली. सार्जंट यांचे नाव घाईने जाती पाडणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसले. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात त्यांचे हॉथॉर्न हा आजही काहीसा चेष्टेचा विषय आहे.

१२/
ही चेष्टा अर्धीच न्याय्य आहे. नावे देण्याची घाई झाली, एकेका झाडावरून जाती उभ्या राहिल्या, आणि त्या नावांचे ओझे पुढील पिढ्यांना वाहावे लागले, हे खरे. परंतु सार्जंट आणि त्यांचे सहकारी नोंद कशी करत, ते पाहिले म्हणजे मत बदलते. झाडाला क्रमांक दिला जाई. वसंतात त्याची फुले घेतली जात, आणि शरदात पुन्हा त्याच झाडाकडे जाऊन फळे. दोन्ही नमुने एकाच क्रमांकाने जोडले जात. निष्कर्ष चुकला, तरी तो तपासण्याचे सारे साहित्य त्यांनी मागे ठेवले.

१३/
या शिस्तीचे मोल एका बारीक तपशिलात दिसते. हॉथॉर्न ओळखताना फुलातील पुंकेसर किती आणि परागकोशांचा रंग कोणता, हे पाहावे लागते. रंग गुलाबी, पांढरा किंवा पिवळसर असतो. केसर वाळल्यावरही मोजता येतात. रंग मात्र उडून जातो. म्हणजे फांदी तोडणाऱ्याने त्याच दिवशी ‘परागकोश गुलाबी’ असे दोन शब्द लिहिले नाहीत, तर ती माहिती कायमची गेली. शंभर वर्षांनंतरच्या प्रयोगशाळेलाही ती परत आणता येत नाही. नोंदीचा आळस हा भविष्याचा अपहार असतो, तो असा.

१४/
याच सुमारास पुण्या-वाईकडे काय चालले होते? १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी वाईस मिळालेल्या कागदांवरून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. राजवाड्यांची अनेक अनुमाने पुढील अभ्यासकांनी अमान्य केली. पण त्यांनी छापलेली साधने कोणी टाकून दिली नाहीत. त्यांचा खंडनकर्ताही त्यांच्याच साधनांचा आधार घेतो. सार्जंट आणि राजवाडे यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोघांच्या मागे उरलेले धन मात्र एकाच जातीचे : मत बाजूला सारूनही वापरता येणारा पुरावा.

१५/
पुन्हा काळ्या हॉथॉर्नकडे. सारी झाडे बाहेरून सारखी, फळे काळी. पण फुले मोजली तर काहींत १० पुंकेसर आणि काहींत २०. सार्जंट यांनी १९०७ मध्ये वीस केसरांच्या झाडांना डग्लसच्या जातीचा एक प्रकार मानून वेगळे नाव दिले. ते नाव विल्हेल्म सक्सडॉर्फ यांच्या स्मरणार्थ : जर्मनीत जन्मलेला, कोलंबिया नदीच्या खोऱ्यात राहणारा, बव्हंशी स्वतःच शिकलेला संग्राहक. शेकडो नव्या जाती पाडणाऱ्या सार्जंट यांनी नेमका येथे मात्र हात आखडता घेतला.

१६/
सक्सडॉर्फ यांचे कागद हा दफ्तराच्या वाचकासाठी उत्तम धडा आहे. आपण हिंडलेल्या काही जागांना ते स्वतःच्या मनाने जर्मन नावे देत आणि तीच नमुन्यांवर लिहीत. नकाशावर अशी गावे वा दऱ्या नाहीत. त्यांच्या पश्चात अभ्यासकांना त्यांच्या प्रवासाच्या नोंदी जुळवून ते ठिकाण कोणते, याचा उलगडा करावा लागला. मोडी कागदातले अर्धवट गावाचे नाव शोधत बसणाऱ्या संशोधकाला हे कष्ट परिचयाचे वाटतील. उलगडा शक्य झाला तो तारखा शाबूत होत्या म्हणून.

१७/
१९६५ मध्ये एमिल क्रुश्के यांनी वीस केसरांच्या झाडांना स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. नंतर गुणसूत्रे मोजली गेली. दहा केसरांच्या डग्लस हॉथॉर्नमध्ये चार संच आढळले. सक्सडॉर्फ यांच्या नावाखाली गोळा झालेल्या झाडांत कोठे दोन, कोठे तीन, कोठे चार. म्हणजे केसरांचा फरक केवळ दिखाऊ नव्हता. त्यामागे खोल इतिहास होता. १९०७ ची चिठ्ठी, १९६५ ची चिठ्ठी आणि त्यानंतरच्या चिठ्ठ्या अशा एकमेकींना खोडून न काढता एकाच कागदावर नांदतात.

१८/
हर्बेरियमची ही रीत मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. नवा अभ्यासक जुन्या नावाशी असहमत झाला, तर तो जुनी चिठ्ठी फाडत नाही. शेजारी आपली चिठ्ठी डकवतो, त्यावर स्वतःचे नाव आणि तारीख घालतो. चूक ठरलेले मतही कागदावर राहते, कारण ते कोणी, केव्हा, कोणत्या ज्ञानाच्या आधारे मांडले हाही इतिहासच. समाजमाध्यमांवरील इतिहासाच्या वादांत जुनी विधाने गुपचूप पुसली जातात. त्या मानाने ही वाळलेल्या पानांची सभ्यता अनुकरणीय आहे.

१९/
नमुन्यांचा खरा चमत्कार पुढे आहे : ज्या प्रश्नासाठी ते गोळा केले गेले नाहीत, त्याचेही उत्तर ते देतात. २००४ मध्ये रिचर्ड प्रायमॅक आणि सहकाऱ्यांनी आर्नल्ड आर्बोरेटममधील विविध वृक्षझुडपांचे १८८५ ते २००२ या काळातील ३७२ फुलोऱ्याचे नमुने तपासले. १९०० ते १९२० च्या तुलनेत १९८० ते २००२ या काळात झाडे सरासरी आठ दिवस आधी फुलत होती. हवामान तापत असल्याची ही साक्ष. नमुन्यावर तारीख टाकणाऱ्या हाताला हा प्रश्न ठाऊकही नव्हता.

२०/
दुसरे उदाहरण शेतकऱ्याच्या खिशाशी संबंधित. अमेरिकेत सफरचंद पोखरणारी एक माशी मुळात हॉथॉर्नच्या फळांवर जगणारी. एकोणिसाव्या शतकात ती पूर्वेकडे सफरचंदावर आली, आणि १९७९ मध्ये पश्चिमेस ओरेगनमध्ये आढळली. तेथे तिला काळा हॉथॉर्न आणि युरोपातून आणलेला, आता रानोमाळ झालेला हॉथॉर्न असे दोन्ही आश्रय मिळाले. कोणते हॉथॉर्न कोठे, आणि परके झाड केव्हापासून, हे सांगणारे जुने नमुने अशा वेळी बागाईतदाराचेही साधन ठरतात.

२१/
असे असूनही हे दफ्तर सुरक्षित नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने आपले शतकभर जुने हर्बेरियम बंद करून सव्वाआठ लाखांच्या आसपासचे नमुने अन्यत्र हलवण्याचा निर्णय जाहीर केला. जगभरच्या अभ्यासकांनी त्याचा निषेध केला. खर्चाचा मुद्दा खोटा नाही. जागा लागते, किडीपासून राखावे लागते, जाणकार माणसे नेमावी लागतात. इमारतीच्या हिशेबात वाळलेली पाने तोट्याचीच दिसतात.

२२/
यावर एक सोपे उत्तर सुचवले जाते : छायाचित्रे काढा, संगणकावर चढवा, कागद कशाला हवा? अंकीय प्रती ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. दूरच्या गावातील विद्यार्थी आज घरबसल्या लाखो नमुने पाहू शकतो. पण चित्रातील मिटलेल्या फुलाचे केसर मोजता येत नाहीत. चित्रातून परागकण काढता येत नाहीत, डीएनए तर नाहीच. छायाचित्र काढणाऱ्याला जेवढे महत्त्वाचे वाटले तेवढेच त्यात उतरते. आणि उद्याचा प्रश्न आज कोणालाही ठाऊक नसतो.

२३/
याचा दाखला बर्लिनचा. १९२९ पासून जे. फ्रान्सिस मॅकब्राइड यांनी युरोपातील हर्बेरियांत हिंडून, मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील वनस्पतींच्या मूळ प्रमाण नमुन्यांची हजारो छायाचित्रे घेतली, बर्लिनचीही घेतली. १९४३ च्या मार्चमध्ये बॉम्बवर्षावात बर्लिनचा बहुतांश संग्रह, लाखो नमुने, जळून गेला. मॅकब्राइड यांची छायाचित्रे उरली आणि अभ्यासक आजही त्यांचे उपकार मानतात. पण त्या कृष्णधवल चित्रांना नवा प्रश्न विचारता येत नाही. मूळ कागद होता तोवर तो विचारता आला असता.

२४/
हा प्रश्न परदेशाचाच नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातील संग्रह ही याच जातीची दफ्तरे. त्यांत सह्याद्रीच्या झाडांच्या तारखा आहेत. इतिहासप्रेमी तरुण शिलालेखासाठी उन्हात डोंगर चढतो, ताम्रपटाच्या वाचनावर रात्रभर वाद घालतो. त्याच डोंगरावर शंभर वर्षांपूर्वी काय उगवत होते, हे सांगणारा कागदही त्याच आस्थेला पात्र आहे.

२५/
सार्जंट यांची शेकडो नावे गेली. उद्या आजचीही काही जातील. त्याने बिघडत नाही. फांदी, ठिकाण, तारीख आणि क्रमांक जागेवर असले म्हणजे पुन्हा सुरुवात करता येते. नमुना कागदावर चिकटवणारा कारागीर फांदीभोवती थोडी जागा मुद्दाम कोरी सोडतो. पुढे कधीतरी कोणी येईल, भिंगाखाली फूल धरील आणि आधीच्या सर्वांहून वेगळे मत देईल. त्याच्या चिठ्ठीसाठी ती जागा असते. हर्बेरियम बंद करताना ती कोरी जागाही बंद होते.